स्टीफनचा तह

पोवई नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा क्रांतीला तिचा मुलगा दिसला. दीड पुरुष उंच, हात जोडलेला, आणि मिशा खऱ्यापेक्षा काळ्या. फ्लेक्स नवा होता. वाऱ्यानं फुगत होता, त्यामुळं शिवतेजचं हसू मध्येच रुंद व्हायचं, मध्येच गालात ओढलं जायचं. 'संस्थेचे भावी अध्यक्ष शिवतेजदादा यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' वर डावीकडं आप्पा, म्हणजे क्रांतीचे वडील, टोपी घातलेले. उजवीकडं नानासो, तिचा चुलतभाऊ, ज्याच्याशी याच शिक्षणसंस्थेसाठी ती अर्धं आयुष्य कोर्टात भांडत आली होती. दोघांच्या मधोमध, कुणी तरी देवादिकांना ठेवावं तसा, तिचा मुलगा. आणि अगदी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेच्या आधी, एका गोलात ती स्वतः. निवृत्तीच्या समारंभातला फोटो असावा. अर्धी शाल आणि मिटायच्या बेतात असलेले डोळे. खाली अक्षरं होती, 'आशीर्वाद : मातोश्री'. नाव नव्हतंच.

"मॅडम, तुमचं चिरंजीव न्हवं हे?" रिक्षावाला आरशातून म्हणाला. "लय भारी आलाय फोटू."

ती "हो" म्हणाली. मग सिग्नल सुटला, रिक्षा वळली, आणि डोळ्यांत घालायचे थेंब आणायला आपण निघालो होतो हे तिला घरी परतल्यावर आठवलं. तिनं चप्पल काढली नाही. तशीच टेबलापाशी जाऊन उभी राहिली. टेबलावर इंग्लंडचा राजा पडला होता. गेली काही वर्षं ती स्टीफन नावाच्या राजाचं चरित्र मराठीत लिहीत होती. नऊशे वर्षांपूर्वीचा राजा, ज्याच्या राज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत भाऊबंदकीच चालली. त्याच्या मुलखातसुद्धा ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, त्याचं चरित्र साताऱ्यात कोण वाचणार, असं मेजर, म्हणजे तिचा नवरा, जिवंत असताना विचारायचा. विचारून उत्तराची वाट न बघता पेपरात डोकं घालायचा. मेजर गेला, तिची नोकरी संपली, राजा राहिला. आता शेवटची दोनच प्रकरणं उरली होती. एक तहाचं, एक मरणाचं. त्यांच्याही आधीचं एक प्रकरण मात्र तिनं कोरंच सोडून दिलं होतं, आणि त्यावरून ती रोज पाय उचलून पुढं जात होती, दारात झोपलेल्या कुत्र्यावरून जावं तशी.

हा राजा तिनं निवडला नव्हता. तो तिला सापडला होता. रविराज, तिचा सख्खा आणि एकुलता भाऊ, मित्राच्या लग्नाला कोयनानगरला निघाला होता. जीपमध्ये सात-आठजण, कराडपासूनच प्यायला सुरुवात केलेले. नानाही त्यांच्यात होता. पाटणला नानाच्या पोटात मुरडा आला, तो जीपमधून उतरला, आणि बाकीचे त्याला शिव्या देत, हसत पुढं गेले. घाटाच्या वळणावर जीप खाली गेली. जिवंत वर कुणीच आलं नाही, रविराजही नाही. आप्पा त्यानंतर हसलेले कुणी पाहिले नाहीत. पुढं दोन-तीन वर्षांनी, पीएच.डी.ला विषय शोधत ती कॉलेजच्या ग्रंथालयात बसली होती आणि इंग्लंडच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक चाळत होती. त्यात असं होतं, की एका राजाचा एकुलता मुलगा जहाजातून मायदेशी निघाला, खलाशी झाडून सगळे प्यालेले होते, जहाज खडकावर आपटून बुडालं. आणि राजाचा एक भाचा, स्टीफन, त्या जहाजावर चढून पुन्हा उतरला होता, कारण त्याचं पोट बिघडलं होतं. क्रांतीनं पुस्तक मिटलं. उभी राहिली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, त्याच्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं, आणि मग ते पुस्तक ती घरी घेऊन गेली. मार्गदर्शक म्हणाले, बाई, छत्रपतींच्या गावात राहता, मराठ्यांच्या इतिहासातला विषय घ्या, कागदपत्रं हाताशी आहेत. तिनं ऐकलं नाही. एका माणसाच्या जुलाबानं एक राज्य फिरतं, हे तिला कुणाला तरी सिद्ध करून दाखवायचं होतं. कुणाला, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आप्पांनी इंग्लंडचा इतिहास वाचलेला नव्हता. ते चौथी शिकलेले, पत्रीसरकारच्या धामधुमीत तरुणपण घालवलेले, आणि त्याच भरात मुलीचं नाव क्रांती ठेवलेले. पलूसला एका गोठ्यात त्यांनी शाळा काढली होती. तिची हायस्कुलं झाली, वसतिगृहं झाली, जतपासून साताऱ्यापर्यंत फाटे फुटले. रविराज गेल्यावर त्यांनी विश्वस्तांना खंडोबाच्या देवळात गोळा केलं आणि म्हणाले, माझ्यामागं माझी लेक. मग बेलभंडारा आणला गेला. सगळ्यांत आधी नानानं उचलला, कुणी पुढं होऊ नये म्हणून जवळजवळ ढकलाढकली करत. उचलून झाल्यावर पिवळ्या हातांनी तो तिच्या पाया पडला, ती त्याच्याहून लहान असूनही. ती मागं सरकली, त्याची बोटं तिच्या पातळाच्या काठाला लागली. ते पातळ तिनं पुढं बरीच वर्षं धुतलं, पण डाग गेला नाही, आणि मग एकदा तिनं ते बोहारणीला देऊन टाकलं. आप्पा गेले तेव्हा शिवतेज शाळेत होता. तिसऱ्याची रक्षा सावडली आणि ती त्याच संध्याकाळी साताऱ्याला परतली, कारण शिवतेज तापानं फणफणला होता आणि मेजर पोस्टिंगवर होता. रात्रंदिवस ती त्याच्या कपाळावर घड्या ठेवत बसली. दहाव्याला पुन्हा गेली तेव्हा नाना अध्यक्ष झालेला होता. एका विश्वस्तानं सांगितलं, की शेवटच्या घटकेला आप्पांनीच सगळ्यांना शपथेतून मोकळं केलं. हे कुणी ऐकलं? तर सांगणाऱ्यानंच. इंग्लंडातही मुलगा बुडालेल्या राजानं आपल्या लेकीसाठी सरदारांना शपथ घालायला लावली होती, आणि तो मेल्यावर अगदी असंच कुणी तरी सांगितलं होतं, आणि धर्मगुरूंनी ते मानून भाच्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता. तिच्या प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. प्रबंध मंजूर झालेला, बांधून कपाटात ठेवलेला. त्याचा दहाव्याच्या मांडवात काय उपयोग?

शिवतेजनं दुपारी फोन उचलला.

"आई, मी सांगणारच होतो गं. पोरांनी घाई केली फ्लेक्सची."

"काय सांगणार होतास?"

"नानामामांनी बोलावलंय तुला. उद्या पलूसला ये. समोरासमोर बोलू. फोनवर तू चिडतेस."

"मी चिडलेय का आत्ता?"

"नाही," तो म्हणाला, "म्हणूनच भीती वाटते."

कराडला गाडी बदलून ती पलूसच्या एसटीत बसली. दोन्ही बाजूंना ऊस. याच रस्त्यानं ती वकिलांना घेऊन गेली होती, मोर्चे घेऊन गेली होती, एकदा पोलीस घेऊन गेली होती. नानाच्या बाजूला अर्धे मुख्याध्यापक, तिच्या बाजूला अर्धे. एकेका शाळेत दोन दोन हजेऱ्या, दोन प्रार्थना, आणि एका पंधरा ऑगस्टला दोन झेंडे. शिक्षकांचे पगार अडकले. कुणाच्या तरी मोटारसायकली जळाल्या. एका लिपिकाचं डोकं फुटलं, आणि तो आपल्या बाजूचा आहे हे कळल्यावर तिला बरं वाटलं होतं, कारण त्यानं फिर्याद जड होणार होती. बरं वाटलं होतं, हे खिडकीच्या गजावर कपाळ टेकलेलं असताना आज तिला स्पष्ट आठवलं. मग मुलींच्या वसतिगृहावर तिनंच कोर्टाची मनाई आणून ते बंद पाडलं. नानाला तिथून पैसा आणि माणसं मिळतात, असं वकील म्हणाला होता. जत-आटपाडीकडच्या, मेंढपाळांच्या मुली होत्या त्या. एका ट्रकमध्ये ट्रंका आणि वळकट्या घेऊन त्या उभ्या होत्या, आणि ट्रक निघाला तेव्हा त्यांतली एकही रडली नाही. घरून शाळेत धाडलं तसं शाळेतून घरी धाडलं, त्यांना त्यात नवल वाटलं नसावं. स्टीफनच्या काळातही शेतं पडीक पडली, माणसं गावं सोडून गेली. दोन्ही बाजूंच्या सरदारांनी आपापले किल्ले बांधले आणि ते बांधायला त्याच माणसांना वेठीला धरलं. हे प्रकरण तिनं फार सुरेख लिहिलं होतं. तिला लिहिताना कुठंही अडखळायला झालं नव्हतं.

अडखळली होती ती त्याच्या अलीकडं. शपथ मोडलेल्या राजाविरुद्ध त्याची मामेबहीण मटिल्डा, मेलेल्या राजाची लेक आणि खरी वारस, समुद्र ओलांडून आली आणि एका किल्ल्यात उतरली. राजानं किल्ल्याला वेढा घातला. ती त्याच्या मुठीत होती. लढाई तिथंच संपली असती. आणि राजानं तिला सोडून दिलं. नुसतं सोडलं नाही, तर सोबत माणसं देऊन तिच्या अनौरस भावाच्या गावापर्यंत सुखरूप पोचवलं. त्यातून पुढं इतकी वर्षं युद्ध चाललं. क्रांतीनं प्रबंधात लिहिलं होतं, की शत्रूला असं जाऊ देणारा माणूस राज्य करायला नालायक असतो. तरुण होती तेव्हा. अशी वाक्यं लिहिताना पेन हलकं वाटायचं. आणि मग, संस्थेच्या भांडणाच्या दुसऱ्या वर्षी, ती कोर्टाचा स्थगिती आदेश घेऊन पलूसच्या हायस्कूलवर ताबा घ्यायला गेली. आत ऑफिसमध्ये ती, बाहेर फाटकावर दीड-दोनशे माणसं, हातात दगड. नानाची बायको, माया, व्हरांड्यात उभी राहून ओरडत होती, कुलूप घाला तिला, सही करंस्तवर भायेर काढू नगा. त्या गर्दीतनं नाना आला. डोक्यावर टोपी नव्हती. तिच्याकडं न बघता म्हणाला, चल, ऊठ. तिला आपल्या जीपमध्ये शेजारी बसवून त्यानं ती गर्दीतून काढली. एक दगड टपावर आपटला तेव्हा त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, दगड मारणाऱ्याच्या कानफटात वाजवली, पुन्हा येऊन बसला. कराडपर्यंत तिला नेलं. स्टँडवर ती उतरली तेव्हा म्हणाला, "पुन्यांदा येशील तवा सांगून ये, क्रांते. मी असंन तरच ये." आठवड्याभरात तिनं त्याच्यावर अपहरणाची फिर्याद केली. वकिलानंच सुचवलं होतं. पण सही तिची होती. म्हणून ते प्रकरण कोरं होतं. राजा मूर्ख होता असं लिहायला आता हात उठत नव्हता, आणि चांगला होता असं लिहिलं तर मग ती स्वतः कोण?

नानाचा बंगला रस्त्यालाच होता. तो पुढच्या खोलीत कॉटवर बसला होता, उशीला टेकून. अंग सुकलेलं, तोंड मात्र सुजलेलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्याला सांगलीला न्यावं लागायचं. भिंतीवर शंभूराजचा फोटो, ताजा हार. त्याचा मुलगा; मागच्या वर्षी क्रिकेटच्या मैदानावर धावता धावता खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. क्रांती तेव्हा भेटायला आली होती, रीत म्हणून. शिवतेज आधीच येऊन बसला होता. त्यानं उठून मामाच्या पाठीमागची उशी नीट केली, मग आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. तांब्या कुठं आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. तिनं ते पाहिलं. हा एका आठवड्याचा सराव नव्हता.

"एस्टीनं आलीस?" नाना म्हणाला. "पोराला सांगायचं, गाडी धाडली असती."

"बोल काय ते."

"काय बोलायचं आता." त्यानं हातावरच्या फुगलेल्या शिरेवरनं बोट फिरवलं. "मी हाय तवर खुर्ची माजी. माज्यामागं शिवतेजची. तू केस काढून घे. झालं. लोकबी थकल्यात, मीबी थकलोय."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठं आहे ह्यात, नाना?"

नानानं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत डाव नव्हता. त्याला खरोखर प्रश्नच कळला नव्हता. "तू त्याची आय हाईस की," तो म्हणाला. "तुज्याच घरात आली की गं संस्था. आनि काय पायजे?"

"आई," शिवतेज पुढं वाकला, "तुला हेच हवं होतं ना? आप्पांची संस्था आपल्याकडं यायला हवी, म्हणत होतीस. मी ह्याच वाक्यावर मोठा झालो. आली. आता तुझं वय बघ, डोळे बघ. तू सल्ला दे, मी राबतो."

'आपल्याकडं' हा शब्द तिचाच होता. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना, त्याचा हात धरून, ती तो वापरत आली होती. 'मला' म्हणायची तिला लाज वाटायची. एका बाईनं मला पाहिजे म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ती आपल्याला म्हणायची. आणि आज त्या शब्दानं तिला सोडून बाकी सगळ्यांना आत घेतलं होतं.

"शपथ तू घेतली होतीस," ती नानाला म्हणाली. "भंडारा उचलून. सगळ्यांच्या आधी."

"आप्पांनी मोकळं केलं हुतं मला. शेवटाला." तो शांतपणे म्हणाला. पूर्वी या वाक्यावर ती पेटून उठायची. आज तिनं त्याचा चेहरा न्याहाळला, आणि तिला दिसलं, की तो खोटं बोलत नाही. कधी तरी बोलला असेल. पण इतक्या वर्षांत ते वाक्य त्याच्या रक्तात मिसळून गेलं होतं आणि कुठलंही यंत्र आता ते वेगळं काढू शकणार नव्हतं.

आतून प्रियदर्शनी चहा घेऊन आली. नानाची मुलगी, पस्तिशीची, त्याच हायस्कुलात शिकवणारी. तिनं कप ठेवले, आत्याच्या कपाला कान कुठल्या बाजूला हवा ते बघून फिरवून ठेवला, आणि दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिली. क्रांती तिच्याकडं बघत राहिली. आजवर या घरात ती जेव्हा आली तेव्हा ही मुलगी अशीच कुठं तरी भिंतीला टेकून उभी असणार. तिला ती आठवेना.

"प्रियदर्शनी आहे की," क्रांती म्हणाली.

"कशाला?" नानानं विचारलं.

"अध्यक्ष करायला. तुझी लेक आहे. शिकलेली आहे. तुझ्याच शाळेत शिकवते. माझी केस काय होती, नाना? लेकीला हक्क असतो, हीच ना? मग दे तिला. मी आत्ता केस काढते."

नाना हसला, आणि हसता हसता खोकला. शिवतेज म्हणाला, "आई, काहीही काय बोलतेस!" पण आवाज चढला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून. माया तिथं बसली होती, आतापर्यंत तिनं या तिघांकडं पाठ केली होती.

"पोटच्या पोराचं बघवंना व्हय तुला?" माया म्हणाली. "माझा वाघ गेला. त्याची खुर्ची तुज्या पोराला देत्यात हे. मी छातीवर धोंडा ठिऊन गप बसलीया. आनि तू आता माज्या पोरीला मदी घालून पुन्यांदा आग लावतीस?"

"मी मनापासून बोलतेय, वहिनी."

म्हणाली खरी. खरंच मनापासून? की शिवतेजला मिळू नये म्हणून? तिनं आत डोकावून पाहायचा प्रयत्न केला, पण तिथं नुसता अंधार होता आणि त्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"आत्या," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखा, न चढवलेला. "शंभू गेला तवा तुमी भेटायला आलावता. आठवतं? मी तुमाला पानी दिलं. तुमी माज्याकडं बघून मलाच इचारलं, 'आता नानाच्या मागं कोण गं?'"

क्रांतीनं कप पुढं ओढला.

"माज्याच तोंडाकडं बघून," ती म्हणाली. "तवा मी दिसले न्हाई. आज दिसले, कारन तुमाला काय मिळालं न्हाई. चहा घ्या, निवतोय."

क्रांतीनं चहा घेतला. गोड होता. केस काढून घेतल्याची सही तिनं पुढच्या आठवड्यात सांगलीच्या कोर्टात केली. शिवतेजनं पेनाचं टोपण काढून दिलं.

स्टीफनचाही मुलगा असाच अचानक गेला होता, ऐन युद्धात, आणि मग त्यानं मटिल्डाच्या मुलाला दत्तक घेऊन तह केला. आपण जिवंत असेतो आपण राजा, मग तो. राजाला दुसरा मुलगा होता, एक मुलगीही होती; त्यांना जमिनी आणि आशीर्वाद मिळाले. आणि जिच्यासाठी सगळं झालं ती मटिल्डा त्या तहात कुठंच नव्हती. ती लांब, समुद्रापलीकडं एका गावात राहत होती. तहाचं प्रकरण क्रांतीनं चार दिवसांत लिहून काढलं. तिचं अक्षर कधी नव्हे इतकं नीट आलं. तिकडं नाना, डायलिसिसच्या मधल्या दिवसांत, गाडीत उशा घालून संस्थेच्या एकेका शाखेला भेट द्यायला निघाला होता. शिवतेज फोनवर सांगायचा. विट्याला मिरवणूक काढली, आटपाडीला घोंगडं आणि काठी दिली. ज्यांनी त्याच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला होता त्यांच्या घरी तो जेवला. सगळे रडत होते म्हणे. राजाचंही तसंच झालं होतं. शेवटच्या वर्षात तो उत्तरेकडं फिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी त्याला राजा म्हणून निखळ मानलं, कारण त्याच्याकडून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा नानानं स्वतः फोन केला. "क्रांते, जतला गेलतो," म्हणाला. "लय वारं हाय तिथं." एवढंच. ती काही तरी बोलेल म्हणून त्यानं वाट पाहिली असावी. तिला बोलायचं होतं. ती जीप, तो टपावरचा दगड, ती फिर्याद. "तब्येत जप," ती म्हणाली. दिवाळीच्या आधी तो सांगलीच्या दवाखान्यात गेला. यंत्राला जोडलेला असतानाच.

शिवतेज खुर्चीत बसला. तिला पहिल्या रांगेत बसवून साडी-नारळ दिलं गेलं. महिन्याभरात प्रियदर्शनीची बदली झाली. पलूसहून जतच्या शाखेला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. क्रांतीला ते मायानं फोन करून सांगितलं. शिव्या देऊन नाही, तर अगदी थकल्या आवाजात. क्रांतीनं शिवतेजला फोन लावला.

"प्रशासन असतं, आई," तो म्हणाला. "ती इथं राहिली की जुने लोक तिच्याभोवती गोळा होतात. उद्या काही झालं तर? मला नानामामांसारखं मऊ राहून चालणार नाही. मऊपणानंच इतकी वर्षं घोळ चालला, हे तूच शिकवलंस ना मला?"

शिकवलं होतं. रात्रीच्या जेवणावर, प्रबंधातली वाक्यं सोपी करून.

मिरजेहून जतची गाडी धरून ती त्या शाळेत पोचली तेव्हा मधली सुट्टी होती. तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि पलीकडं माळावर पवनचक्क्यांची रांग. वाऱ्यानं पत्रा सारखा थडथडत होता. प्रियदर्शनीनं तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली.

"मी केस घालते," क्रांती म्हणाली. "सूडबुद्धीची बदली आहे ही. एका तारखेत स्थगिती मिळेल."

"नगं, आत्या."

"तू घाबरू नकोस. मी आहे."

प्रियदर्शनीनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. घाई नव्हती तिला. "तुमाला भांडायला काय तरी लागतं," ती म्हणाली. "आदी आमचं वडील, अण्णा, हुतं. आता अण्णा न्हाईत, तर मी सापडले. मला हितं बरं हाय. पोरं येत्यात, शिकत्यात. हितं कुनाचंच लक्ष न्हाई, त्येच बरं." घंटा झाली. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. "परतीची गाडी दोनला हाय. ती चुकली तर मग संध्याकाळीच." आणि वर्गात जाऊन, धूळ आत येऊ नये म्हणून, तिनं दार लावून घेतलं.

क्रांती बाकावर बसून राहिली. आतून प्रियदर्शनीचा आवाज येत होता, मग तिच्या मागोमाग पोरांचा, एकसुरात. मुलगी बोलली त्यात चूक काय होतं? काहीच नाही. क्रांतीनं ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, पेपर तपासावा तसं, आणि पूर्ण गुण दिले. तरी तिचा हात पिशवीत गेला होता. फोन निघाला होता. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून ती भिंतीच्या आडोशाला गेली.

"बोला मॅडम," वकील म्हणाला. "मी म्हटलं, आता आपलं सगळं मिटलं."

"नवीन दावा घालायचाय. बदलीविरुद्ध."

"वादी कोण?"

"मी. संस्थेची आजीव सभासद म्हणून."

"आणि प्रतिवादी? पूर्ण नाव सांगा."

तिनं मुलाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं स्पष्ट. शिवतेज जोतीराम शेवाळे. पलीकडून वकील म्हणाला, "मॅडम, नक्की ना?" ती "नक्की" म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती, पाय हलके झाले होते, माळ लख्ख दिसत होता, आणि या बरं वाटण्याची तिला इतकी भीती वाटली, की तिनं भिंतीला हात टेकला. पण फोन ठेवला नाही. "तारीख लवकरची घ्या," ती म्हणाली.